दीक्षा परबचे तीस प्रयोग

मी माझ्या नोकरीत निदान तीनशे वेळा कारखाना उडवलाय. बॉयलर फोडलेत, ॲसिडच्या टाक्या उतू घालवल्यात, एकदा तर अख्खा ऊर्ध्वपातनाचा मनोरा निकामी केला आणि वर निवांत चहा मागवला. डिचोलीच्या बाजारात भाजी घेताना कुणीतरी ओळखीची बाई विचारते, "मॅडम, रिटायर झालात, आता वेळ कसा जातो?" मी म्हणते, "जातो कसातरी. काही उडवायला मिळत नाही हो, त्याचंच वाईट वाटतं." ती बाई दोन पावलं मागे सरकते. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. आमच्याकडे औद्योगिक रसायनाचा एक कोर्स होता. आमच्या गोव्यात पेडणे आणि डिचोली, दोन्ही तालुक्यांत औषधांचे कारखाने आहेत, त्यांना माणसं लागतात. पण कारखान्याला हवं असतं कुठला व्हॉल्व्ह कधी फिरवायचा हे कळणारं माणूस, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतात काचेची चंचुपात्रं. दोन मजली मनोरा आम्ही आणणार कुठून? आणला तरी विशीतल्या पोरांच्या हातात देणार कोण? म्हणून मग कॉम्प्युटरवरचा खोटा कारखाना. पडद्यावर टाक्या, नळ्या, पंप, काटे. व्हॉल्व्ह उघडला की काटा हलतो, चुकलात की पडदा लाल होतो आणि भोंगा वाजतो. याला सिम्युलेशन म्हणतात. मोटार शिकणारा आधी रिकाम्या मैदानात चार चकरा मारतो, तसंच हे.

ही सॉफ्टवेअरं निवडायची आणि त्यांची लायसन्सं घ्यायची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. कारण साधं होतं. स्टाफ मीटिंगमध्ये बाकीचे खाली बघत होते आणि मी वर बघत होते.

कंपन्यांची माणसं यायची, टाय लावून, मे महिन्यातसुद्धा. डेमो द्यायची. एकाने पाऊण तास मनोरा चालवून दाखवला, काय तो रंग, काय ते संगीत. प्रिन्सिपल तर खूश. मी म्हटलं, "छान. आता थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून दाखवा." तो म्हणाला, "मॅडम, ते आपण नंतर बघू." मी म्हटलं, "आत्ताच बघू." गड्याला घाम फुटला. तो सॉफ्टवेअर दाखवतच नव्हता, रेकॉर्ड केलेला व्हिडिओ दाखवत होता आणि माऊस उगाच हलवत होता. त्याला मी चहा पाजला आणि गेटपर्यंत सोडून आले.

तेव्हापासून माझी एक पद्धत ठरली. डेमोला मी स्वतः बसायची नाही, वासूला बसवायची. वासू आमचा लॅब अटेंडंट. गाव महाराष्ट्रात, बांद्याकडे, रोज मोटारसायकलने सीमा ओलांडून यायचा. शिक्षण दहावी, पण हात असा की बंद पडलेला पंखा त्याच्याकडे बघून फिरायला लागायचा. मी म्हणायची, "वासू, बस. मोड बघू." आणि वासू तन्मयतेने मोडायला घ्यायचा. सगळे व्हॉल्व्ह एकदम उघड, पंप कोरडाच चालव, आच वाढवत ने. सरळ वागणाऱ्या माणसासमोर कुठलंही सॉफ्टवेअर शहाणंच असतं. खरी परीक्षा चुका करणाऱ्यापुढे होते. जिथे स्फोट व्हायला हवा तिथे झाला नाही, तर ते सॉफ्टवेअर आमच्या कामाचं नाही.

एक परदेशी सॉफ्टवेअर वासूच्या तावडीतूनही सुटलं होतं. मला जवळजवळ पसंत पडलं होतं. मग माझ्या लक्षात आलं की त्यातलं थंड करायचं पाणी कायम पंधरा अंशांवर आहे. मी विचारलं, हे बदलता येतं? नाही म्हणाले. आता आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी नळाखाली हात धरला तर चटका बसतो. पंधरा अंशांच्या पाण्यावर शिकलेली पोर इथल्या कारखान्यात पहिल्याच उन्हाळ्यात वाफ बाहेर सोडून बसेल. परत पाठवलं. प्रिन्सिपल म्हणाले, "तुम्ही फार चिकित्सा करता." मी म्हटलं, "सर, तुम्हीच मला वर बघताना पकडलंत."

शेवटी एक मिळालं. दिसायला साधं, पण पक्कं. वासूने ते सोळा वेळा उडवलं आणि सोळाही वेळा का उडालं ते सॉफ्टवेअरने नीट सांगितलं.

मग लायसन्सचा प्रश्न. बाहेरच्यांना हे कंटाळवाणं वाटतं, पण माझ्या कामातली खरी गोम इथेच होती. सॉफ्टवेअर विकत मिळत नाही, वापरायची परवानगी मिळते, आणि ती तीन तऱ्हांची. एक, मशीनला बांधलेली, म्हणजे लॅबमधल्या त्याच कॉम्प्युटरवर चालणार. दुसरी, फिरती. वाचनालयात एका पुस्तकाच्या दहा प्रती असाव्यात तशी, अकरावा आला की त्याने थांबायचं. तिसरी, नावावरची. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाने एक, तो कुठूनही वापरू शकतो, आणि त्याने केलेला प्रत्येक प्रयोग त्याच्या नावावर नोंदला जातो.

मी नावावरची घेतली. पेडण्याकडच्या मुलींची शेवटची सोयीची बस पाचला सुटायची. लॅब संपता संपता त्या धावत सुटायच्या, प्रयोग अर्धा टाकून. घरी बसून करता आले तर त्यांचा जीव थोडा शांत होईल, असं मला वाटलं. हिशेब बरोबर होता. चूक वेगळीच झाली. करारपत्र बावीस पानांचं होतं. मी ओळ न् ओळ वाचत होते. चौदाव्या पानाशी असताना प्रिन्सिपलांनी बोलावलं, कुणी पाहुणे आले होते. परत आले, पुढची पानं नुसती चाळली आणि सही ठोकली. व्हिडिओवाल्याला गेटपर्यंत पोचवणारी मी बाई, आठ पानं न वाचता सही केली. त्याची लाज मला अजून वाटते.

दीक्षा परब त्या कोर्सच्या शेवटच्या वर्षाला होती. पेडण्याकडच्या पार्स्याची. घरची काजूची बाग, थोडे माड, वडील त्यातच. पोर बोलायला कमी, पण पडद्यापुढे बसली की वेगळीच व्हायची. बाकीची मुलं भोंगा वाजला की घाबरून दिसेल ते बटण दाबायची. दीक्षा हात मांडीवर ठेवून आधी सगळे काटे बघायची, मग एकच व्हॉल्व्ह फिरवायची. मी एवढी वर्षं शिकवलं, असा थंड हात दोघातिघांचाच बघितला.

कोर्सचा नियम असा होता की तीस प्रयोग पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट सॉफ्टवेअरमधूनच निघायचं. ते असेल तरच शेवटच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येणार. दीक्षाचे फेब्रुवारीतच सव्वीस झाले होते. आणि त्याच महिन्यात तिचं लग्न झालं, आमोण्याला, नाइकांकडे. मुलगा खाणीच्या ट्रकांवर होता, शांत स्वभावाचा. लग्न ठरतानाच बोलणं झालं होतं. एप्रिलच्या परीक्षेपर्यंत सूनबाई कॉलेजला जाईल, पुढे बस्स. परीक्षा पास झाली तर डिचोलीतल्या एका कारखान्यात तिची निवड जवळपास पक्की होती, आणि नोकरी लागली तर घरचे अडवणार नव्हते. पण हे वर्ष गेलं तर पुन्हा एक वर्ष कॉलेजला पाठवायला कुणी तयार नव्हतं. हे तिने मला आधीच सांगून ठेवलं होतं, न रडता, काटा वाचून दाखवावा तसं.

लग्नाला आम्ही सगळे गेलो. आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेल. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. आडनाव तर बदलतंच, पाळण्यातलं नावही बदलतं. दीक्षाचं ऋतुजा झालं. टाळ्या पडल्या, साखर वाटली. वासू पहिल्या रांगेत उभा होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दीक्षाचा फोन आला.

"मॅडम, माझं शून्य झालं."

"काय झालं?"

"लॉगिन केलं तर लिहून येतं, ऋतुजा नाईक, तुमचं स्वागत. आणि खाली, तीसपैकी शून्य."

मी लॅबमध्ये धावले. वासू काचेच्या नळ्या पुसत होता.

"वासू, दीक्षाच्या नावाला कुणी हात लावला?"

तो हसला. अगदी मनापासून. "मीयाच लावलंय, मॅडम! चेडवाचा लगीन झाला, नाव बदलला. म्हणान मी हय पण बदलून टाकलंय. म्हटला, उघडल्यावर नवा नाव दिसात, बरा वाटात तेका."

सॉफ्टवेअरमध्ये नावं घालायचा अधिकार मीच त्याला दिला होता. वर्षाच्या सुरुवातीला नावं भरायची, वर्षाअखेरीला काढायची, एवढंच ते काम. लग्नाचा आहेर म्हणून त्याने जुनं नाव पुसलं आणि नवं घातलं. दुसऱ्या कुठल्या मुलखात कुणाच्या डोक्यात हे आलं असतं का? माझं डोकं असं फिरलं की मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मग करारपत्र काढलं. सतराव्या पानावर छान स्वच्छ लिहिलेलं होतं. एका लायसन्सवरचं नाव वर्षातून एकदाच बदलता येईल, आणि बदलल्यावर जुन्या नावाची सर्व नोंद कायमची नष्ट केली जाईल. खाली माझी सही. म्हणजे वासूवर ओरडायचाही मला अधिकार उरला नाही. मी परत जाऊन त्याला सांगितलं, "चूक तुझी आहे, पण त्याहून जास्त माझी आहे." तो बिचारा कोपऱ्यात बसून होता. "माका काय ठावक, मॅडम," एवढंच म्हणाला.

मी कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस फार सभ्य. सभ्य माणसांशी भांडणं सगळ्यात कठीण.

"मॅम, नोंद गेली ती गेली. परत येणार नाही."

"बरं. मग निदान नाव परत दीक्षा परब करा. युनिव्हर्सिटीच्या यादीत तेच नाव आहे. ऋतुजा नाईकचं सर्टिफिकेट मी कुणाला दाखवू?"

"मॅम, या वर्षीचा बदल वापरला गेलाय. आता जुलैमध्ये."

"जुलैमध्ये काय करू? लोणचं घालू?"

मी रोज फोन केला. सकाळी दहाला एकदा आणि तीनला एकदा, तास बुडवायचा नाही म्हणून. एकाने दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. मी एकच मुद्दा धरून बसले होते. करारात लिहिलंय, लायसन्स एका व्यक्तीसाठी आहे. व्यक्ती बदललेली नाही. तुमच्या वहीत फक्त चुकीचं नाव पडलंय. चूक दुरुस्त करणं म्हणजे बदल नव्हे. पाचव्या दिवशी त्यांच्या कायदा बघणाऱ्या बाईंनी मान्य केलं, पण म्हणाल्या, "दीक्षा परब आणि ऋतुजा नाईक एकच आहेत, याचा कागद द्या."

आणि तिथे मला कळलं की ऋतुजा नाईक नावाचा कागदच जगात नाही. आधार दीक्षाच्या नावाने, मार्कलिस्टा दीक्षाच्या नावाने, बँकेचं खातं दीक्षाचं. ऋतुजा फक्त दोन ठिकाणी होती, ताटातल्या तांदळावर आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये. बाई म्हणाल्या, मग ज्या घराने नाव ठेवलं त्या घराने लिहून द्यावं, की हे नाव आम्ही घरगुती ठेवलं, कायद्याने ती दीक्षा परबच आहे. वकिलासमोर, सहीशिक्क्यानिशी.

दरम्यान प्रिन्सिपलांनी मला बोलावून हळूच सुचवलं, "नाव दुरुस्त झालं की तिच्या मैत्रिणींना बसवा लॉगिनवर. चारजणी पाळ्या लावून आठवड्यात तीस उरकतील. कोण विचारतंय?" मी घरी जाऊन दोन दिवस विचार केला. खोटं कशाला बोलू, मोह झाला. आठ पानं न वाचल्याचं पाप असं गुपचूप धुऊन निघालं असतं. मी दीक्षाला विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, उद्या कारखान्यात व्हॉल्व्ह मलाच फिरवायचा आहे ना? मग त्यांचे प्रयोग माझ्या काय कामाचे?" मला स्वतःचीच शरम वाटली.

एका रविवारी मी आमोण्याला गेले. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याला घर. दीक्षाची सासू, सुमतीबाई, सोप्यावरच होत्या. जनेलात, म्हणजे खिडकीच्या कट्ट्यावर, वाळत घातलेली आमसुलं सारून त्यांनी मला जागा केली. चहा, पावाबरोबर ताजी भाजी. मी विषय काढला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि मग त्यांचा चेहरा उतरला.

"नांव हांवेंच दवरलां, टीचर," त्या म्हणाल्या. "घोवाक विचारलें ना, पुताक विचारलें ना. ऋतुजा. म्हाका आवडलें तें. आनी आतां तें नांव न्हय म्हणून हांवेंच कागदार बरोवचें?"

मी नेहमीच्या आवाजात सांगायला गेले आणि अडखळले. कारण त्यांना खरंच लागलं होतं; हौसेने स्वतः ठेवलेलं नाव ते नव्हेच, असं त्यांनीच कागदावर लिहून द्यायचं होतं. मी म्हटलं, "सुमतीबाई, माझंही नाव बदललं होतं. माझी डिग्री एका नावाची, पगार दुसऱ्या नावाचा. प्रत्येक ठिकाणी मी दोन कागद जोडून सिद्ध करत आले की ती मीच. पासपोर्टच्या वेळी तर तीन महिने चपला झिजवल्या. घरात तुम्ही तिला ऋतुजा म्हणा, गोड लागतं. पण तिने दीक्षा म्हणून जे मिळवलंय ते पुसलं जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे."

त्यांनी माझा कप पुन्हा भरला. मग म्हणाल्या, "तें चेडूं कॉम्प्युटराचेर कितें पळयता, तें म्हाका सांग पळोवया. हांव म्हणटालें, फिल्मां पळयता."

सून सिनेमे बघत बसते, अशीच त्यांची समजूत होती. दीक्षा आतून लॅपटॉप घेऊन आली. मी म्हटलं, दाखव ऊर्ध्वपातन. तिने सरावाची खिडकी उघडली, त्यात नोंद होत नाही. टाकी भरली, खाली आच लावली, वाफ वर चढायला लागली, पुढे थंड पाण्यातून जाणारी नळी, आणि टोकाला थेंब थेंब. सुमतीबाई चष्मा लावून पुढे वाकल्या.

"ही भट्टी!" त्या एकदम ओरडल्या. "काजूची भट्टी गो ही!"

त्यांचं माहेर हळर्णचं. डोंगरावर काजूच्या दिवसांत वडिलांच्या फेणीच्या भट्टीशेजारी त्यांचं बालपण गेलेलं. आच किती, वाफ कधी, थेंबाची धार जाड झाली की काय करायचं, सगळं हाताखालचं. दीक्षाने मुद्दाम थंड पाणी कमी केलं. मी काही बोलायच्या आत सुमतीबाईंनी पडद्यावर बोट टेकवलं.

"उदक तापलां! बदल तें, बदल बेगीन, सगळें वतलें!"

भोंगा त्यानंतर वाजला. मी आणि दीक्षा एकमेकींकडे बघून हसत सुटलो. सुमतीबाई मात्र हसल्या नाहीत. त्या सुनेकडे बघत होत्या, आज पहिल्यांदा ओळख झाल्यासारख्या. "हें शिकता व्हय तूं? हें तुका येता?" दीक्षाने मान हलवली. सुमतीबाई उठल्या, आत जाऊन नवऱ्याला म्हणाल्या, "सदरो घाल. डिचोलीक वकिलाकडेन वचपाचें आसा." त्या दिवशी रविवार होता, हे मी त्यांना समजावून सांगेपर्यंत सासरे अंगात शर्ट घालून तयार होते.

सोमवारी कागद झाला. वकील दोनदा वाचून म्हणाला, "म्हणजे ऋतुजा नाईक कोणीच नाही?" सुमतीबाई म्हणाल्या, "घरांत आसा. तुमच्या कागदार ना." वासूने हट्टाने आपलंही एक पत्र जोडलं की हे कृत्य माझं असून ते प्रेमापोटी झालं आहे. ते वाक्य वकिलाने खोडलं, वासूने पुन्हा लिहिलं. चार दिवसांनी कंपनीने नाव दुरुस्त केलं. दीक्षा परब, तुमचं स्वागत. तीसपैकी शून्य.

परीक्षेचा अर्ज भरायला सतरा दिवस उरले होते.

आधी ऋतुजाच्या नावाने प्रयोग सुरू करण्यात अर्थ नव्हता, नाव फिरलं की तेही पुसले गेले असते. म्हणून ते सगळे दिवस ती नुसती थांबून होती. आता ती सुटली. एक प्रयोग म्हणजे अडीच-तीन तास, मनोरा तापायला लागतो तेवढा वेळ लागतोच, विद्यार्थ्यांच्या लायसन्समध्ये घड्याळ पुढे ढकलता येत नाही. ही अटही मीच पसंत केली होती, पोरांनी घाई करू नये म्हणून. सकाळी एक, दुपारी एक. कॉलेज असेल त्या दिवशी एक लॅबमध्ये माझ्यासमोर, दुसरा घरी सोप्यावर. सुमतीबाईंनी घरातली कामं स्वतःकडे ओढून घेतली. शेजारीण हाक मारत आली की त्या दारातूनच सांगायच्या, "आतां न्हय, भट्टी चालू आसा." एका दुपारी वीज गेली, तेराव्या प्रयोगाचे दोन तास पाण्यात. दीक्षाने लॅपटॉप मिटला, पाणी प्यायली, वीज आली तशी पहिल्यापासून सुरुवात केली. मला हे सुमतीबाईंनी फोन करून सांगितलं. दीक्षाने सांगितलंच नाही.

मी तिला मदत केली नाही. करता येण्यासारखं काही नव्हतंच, आणि तिला नकोही होतं. मी फक्त रोज सकाळी आकडा बघायची. चार. सात. बारा. एकोणीस. आयुष्यात मी कुठल्या आकड्याकडे एवढ्या काळजीने बघितलं नाही, स्वतःच्या मुलाच्या मार्कांकडेही नाही. वासूने बोर्डच्या कोपऱ्यात खडूने तो लिहायला सुरुवात केली. सोळाव्या दिवशी दुपारी तिथे तीस लिहिलं गेलं. पहिल्या वेळी सव्वीस प्रयोगांत तिच्या सात चुका नोंदल्या होत्या. या वेळी तीसमध्ये एक. ती एकही मी तपासली, चूक सॉफ्टवेअरची होती, आणि मी कंपनीला तसं कळवलं. सभ्य माणसाने आभार मानले.

त्यानंतरच्या प्रत्येक करारात मी एक कलम हाताने लिहून घालायची. विद्यार्थ्याचं घरगुती, लग्नानंतरचं वा इतर कुठलंही नाव बदललं तरी त्याची नोंद अबाधित राहील. कंपन्या कुरकुरायच्या. एका साहेबाने विचारलं, "मॅम, हे कलम आम्ही कुठेच पाहिलं नाही. याची गरज काय?" मी म्हटलं, "आमच्याकडे लग्नं होतात." आणि सगळी पानं वाचेपर्यंत मी खोलीचं दार आतून लावून घ्यायची. प्रिन्सिपल आले तरी बाहेर.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी बाहेरगावचे परीक्षक आले. मुलं पॅसेजमध्ये ओळीने उभी, हातात सर्टिफिकेटं. दीक्षाबरोबर सुमतीबाई आल्या होत्या, इस्त्रीचं लुगडं, केसांत अबोली. मी म्हटलं, तुम्ही कशाला एवढ्या उन्हात? त्या म्हणाल्या, "पळोवया, कितें विचारतात तें." त्यांना मी बाकावर बसवलं. सुनेला त्या मघापासून ऋतुजाच म्हणत होत्या. ऋतुजा, उदक पी. ऋतुजा, घाम पूस.

दार उघडलं. नावं पुकारायचं काम वासूचं. यादी हातात धरून तो बाहेर आला, माझ्याकडे एकदा बघितलं, घसा साफ केला आणि असा ओरडला की पलीकडच्या इमारतीत ऐकू जावं.

"दीक्षा परब!"

दीक्षा हातातले कागद सारखे करत होती. तिने तोंड उघडायच्या आत बाकावरून सुमतीबाई उभ्या राहिल्या आणि हात वर करून त्याहून मोठ्याने म्हणाल्या, "हांगा आसा! दीक्षा परब हांगा आसा!"

पॅसेजभर पोरी हसल्या. दीक्षा सासूकडे बघून हसली आणि आत गेली.